कोंबडीच्या खुराड्यांतील वैद्यक

कोंबडीच्या दुखण्याखुपण्याचा विषय वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत यावा, याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. हत्तींच्या वैद्यकास पालकाप्य लाभला, अश्ववैद्यकास शालिहोत्र लाभला. कारण हत्ती आणि घोडे हे राजांच्या दारीं झुलणारे. कोंबडी पडली गरिबाची. तिनें परसांतला उकिरडा उकरावा, तिचीं अंडीं विकून घरच्या बाईनें मीठमिरचीचा खर्च भागवावा, आणि एखाद्या वर्षीं सगळें खुराडें चार दिवसांत ओस पडलें तर दैवाला बोल लावून गप्प बसावें, अशी तिची आजवरची कथा. उलट, मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांनीं वर्ज्य करावयाच्या पदार्थांची जी यादी आहे, तींत गांवकोंबडा आणि लसूण हे एकाच पंक्तीस बसविलेले आहेत. गंमत अशी कीं, तिकडे रोमन लोकांत हाच लसूण कोंबड्याचें मोठें औषध मानला जात होता.

तथापि इतिहास पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, मनुष्याच्या वैद्यकानें ह्या तुच्छ मानलेल्या खुराड्यापासून फार मोठें ऋण घेतलेलें आहे. प्रयोगशाळेंत मुद्दाम सौम्य केलेल्या जंतूंची पहिली लस कोंबड्यांवर सिद्ध झाली. जीवनसत्त्वांच्या शोधाची पहिली खूण कोंबड्यांच्या लटपटणाऱ्या पायांत दिसली. हा इतिहास सांगण्यास आणखी एक कारण आहे. हल्लीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतही गच्चीवर किंवा परसांत चार कोंबड्या पाळण्याची हौस वाढत आहे, आणि त्याबरोबर एक जुना वादही नव्यानें उभा राहिला आहे. एक पक्ष म्हणतो कीं, हळद, लसूण, कडुनिंब आणि राख एवढ्यावर कोंबडीचा कोणताही रोग हटतो. दवाखान्याच्या औषधांनीं बिघाड मात्र होतो. दुसरा पक्ष ह्या सर्व गोष्टींस आजीबाईचा बटवा म्हणून हसतो. दोन्ही पक्षांनीं इतिहासाकडे थोडें लक्ष दिलें असतें, तर दोघांचाही आवाज कांहींसा खालीं आला असता, असें आम्हांस वाटतें.

कोंबड्यांच्या वैद्यकाचा एक प्राचीन आणि व्यवस्थित लेख कोलुमेला या रोमन ग्रंथकाराचा आहे. हा गृहस्थ इसवी सनाच्या पहिल्या शतकांत होऊन गेला. शेतीवर त्यानें बारा पुस्तकांचा एक ग्रंथ लिहिला. त्यांतील आठवें पुस्तक कोंबड्या, बदकें आणि मासे यांच्या पालनासंबंधीं आहे. पुस्तक वाचतांना लेखकानें स्वतः खुराड्याचें दार उघडून आंत डोकावलेलें आहे, हें पदोपदीं जाणवतें. पाण्याचें भांडें झांकलेलें असावें आणि त्यास डोकें जाईल एवढींच भोंकें असावीं, म्हणजे पक्षी त्यांत पाय घालून पाणी घाण करणार नाहींत, असें तो सांगतो. जेथें पागोळीचें पाणी पडत नाहीं अशा आडोशाला कोरडी धूळ आणि राख ठेवावी, म्हणजे पक्षी ती अंगावर उडवून घेऊन आपलीं पिसें स्वच्छ करतील, असेंही त्यानें लिहून ठेविलें आहे.

ह्या दोन्ही सूचना आजही तितक्याच खऱ्या आहेत. कोंबड्यांच्या पोटांत शिरणारे बहुतेक रोग विष्ठेनें दूषित झालेल्या पाण्यांतून व दाण्यांतून शिरतात. आणि धूलिस्नानाविषयीं म्हणावें तर, कॅलिफोर्नियांत झालेल्या व २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें आढळलें कीं, धुळीच्या पेटींत गंधकाची पूड मिसळली असतां त्यांत लोळणाऱ्या कोंबड्यांच्या अंगावरील पिसवांसारखे बारीक कीटक जवळजवळ नाहींसे होतात. जें कोलुमेलाला डोळ्यांनीं दिसलें होतें, तें शास्त्रानें दोन हजार वर्षांनीं मोजून पाहिलें, एवढाच काय तो फरक.

परंतु हाच कोलुमेला रोग झाल्यावर काय करावें हें सांगूं लागला, कीं त्याचा पाय घसरतो. थंडी, उपासमार आणि सांचलेलें घाणेरडें पाणी यांमुळें कोंबड्यांच्या जिभेच्या टोंकाला एक पांढरें पापुद्र्यासारखें कवच येतें. तें नखानें ओरबाडून काढावें आणि त्या जागीं राख व कुटलेला लसूण चोळावा, असा त्याचा उपचार आहे. ह्या रोगाच्या नांवानें युरोपांतील खेड्यापाड्यांत पुढें शेंकडों वर्षें लक्षावधि कोंबड्यांच्या जिभा सोलल्या गेल्या. खरी गोष्ट अशी कीं, हा निराळा रोगच नव्हे. सर्दीनें नाक चोंदलें म्हणजे पक्षी तोंडानें श्वास घेऊं लागतो, त्यामुळें जिभेचें टोंक वाळून कडक होतें. रोग नाकांत आणि शस्त्र जिभेवर, असा तो प्रकार होता. बिचाऱ्या पक्ष्याला श्वास घेतां येत नव्हता, आणि आतां त्याला दाणाही गिळतां येईना! इ. स. १६०० सालीं बोलोन्याच्या आल्द्रोवांदीनें पक्ष्यांवरील आपल्या प्रचंड ग्रंथांत कोंबड्यांविषयींचें जुनें ज्ञान एकत्र केलें. परंतु त्या ढिगाऱ्यांतून खरें कोणतें आणि खोटें कोणतें हें निवडण्याचें साधन त्या काळीं कोणापाशींच नव्हतें. सर्दी बरी होण्याची असली म्हणजे आपोआप बरी होई आणि श्रेय लसणाला मिळे. पक्षी मेला तर दोष नशिबाला लागे. अशा हिशेबांत औषध कधींच हरत नाहीं.

हें साधन एकोणिसाव्या शतकांत हातीं आलें, आणि त्यांत कोंबडीचा वांटा मोठा आहे. १८७८ सालीं पाश्चर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं एक चमत्कारिक प्रयोग केला. गुरांना मारणारा काळपुळीचा जंतु टोंचला तरी कोंबडीला कांहीं होत नाहीं, हें ठाऊक होतें. कोंबडीच्या रक्ताची उष्णता गाईगुरांपेक्षां अधिक, म्हणून तर हें होत नसेल? त्यांनीं एक कोंबडी जंतु टोंचून थंड पाण्यांत उभी करून ठेविली. ती मेली. दुसरीला तसेंच टोंचून गार केलें, पण रोगाचीं चिन्हें दिसतांच पाण्यांतून काढून ऊब दिली, ती वांचली. शरीराच्या स्वाभाविक शक्तीला बळ दिलें असतां ती रोगाला कशी परतविते, याचा ह्याहून बोलका पुरावा त्या काळीं दुसरा नव्हता. आजारी कोंबडीला कोरड्या उबदार जागीं डालग्याखालीं ठेवण्याचा आपल्याकडील बायकांचा रिवाज केवळ वेडगळ नव्हता, हें ह्यावरून कळून येईल.

पुढें लगेच पाश्चर कोंबड्यांच्या पटकीकडे वळला. ह्या रोगाचा जंतु त्याला तुलूझ येथील पशुवैद्य तूसें याजकडून मिळाला होता. कोंबडीच्याच मांसाच्या रशांत त्यानें तो वाढविला. पुष्कळ दिवस तसाच पडून राहिलेला जंतु टोंचला असतां कोंबड्या थोड्या आजारी होत, पण मरत नसत; आणि पुढें त्यांना ताजा जहाल जंतु टोंचला तरी त्या जगत. सुटीमुळें कांहीं बाटल्या पडून राहिल्या आणि एका सकाळीं हा शोध लागला, अशी गोड कथा शाळेच्या पुस्तकांत असते. पाश्चरच्या टिपणवह्या अभ्यासकांस खुल्या झाल्यावर असें दिसून आलें कीं, त्यामागें १८७९ ते १८८० ह्या काळांतले कित्येक महिन्यांचे, विशेषतः त्याचा तरुण सहकारी रू याचे, चिकाटीचे प्रयत्न होते. असो. १८८० च्या फेब्रुवारींत पाश्चरनें ही गोष्ट फ्रान्सच्या विज्ञान परिषदेपुढें मांडली, आणि देवीच्या लशीपलीकडे दुसऱ्या रोगांच्याही लशी मनुष्याला आपल्या हातानें तयार करतां येतील, हें जगाला प्रथम कळलें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. लस ही निसर्गाच्या विरुद्ध आहे, असा जो समज आढळतो, त्याला ह्या इतिहासांत आधार नाहीं. लस रोग बरा करीत नाहीं. ती शरीराला आधींच सावध करून ठेवते, आणि लढतें तें शरीरच. रोगांतून उठलेल्या कोंबडीला तो रोग पुन्हां सहसा होत नाहीं, हें निसर्गानें पूर्वींच करून ठेविलें होतें. पाश्चरनें त्यांतील मरणाचा भाग तेवढा कमी केला.

आतां ह्या इतिहासांतील आमच्या मतें सर्वांत मोठ्या प्रकरणाकडे वळूं. त्याचें स्थळ आहे जावा बेटांतील बटाव्हिया, म्हणजे आजचें जाकार्ता. डच लोकांचें तेथें राज्य होतें आणि सुमात्रांत आचेच्या सुलतानीशीं त्यांचें दीर्घ युद्ध चाललें होतें. युद्धांत जितके शिपाई गोळीनें पडत, त्यांच्या जोडीला बेरीबेरीनें अंथरुणाला खिळलेल्यांच्या रांगा लागत. पाय जड होत, मग लुळे पडत, अंगाला सूज येई आणि हृदय बंद पडून मनुष्य मरे. तुरुंगांत आणि जहाजांवरही हीच कथा. १८८६ सालीं हॉलंडच्या सरकारनें पेकेलहारिंग आणि विंकलर ह्या दोघां वैद्यांस त्याचें कारण शोधण्यास धाडिलें. त्यांच्याबरोबर ख्रिस्तियान आइकमान नांवाचा सैन्यांतील एक तरुण डॉक्टर होता. तो बर्लिनला कॉखच्या हाताखालीं जंतुशास्त्र शिकून आलेला. त्या काळीं प्रत्येक रोगामागें जंतु असलाच पाहिजे, असा शास्त्रज्ञांचा दृढ समज झालेला होता. ह्या मंडळींनाही एक जंतु सांपडला असें वाटलें, आणि दोघे वडील वैद्य १८८७ सालीं मायदेशीं परत गेले. आइकमान मागें राहिला. लष्करी इस्पितळांतील लहानशा प्रयोगशाळेंत तो त्या जंतूचा पुरावा शोधीत बसला, आणि त्यासाठीं स्वस्त प्राणी म्हणून त्यानें कोंबड्या पाळल्या.

१८८९ सालच्या जुलै महिन्यांत कोंबड्यांचे पाय लटपटूं लागले. चालतांना तोल जाई, मग त्या आडव्या पडत, लुळेपणा पायांकडून मानेकडे चढे, तुरा निळसर पडे, आणि शेवटीं त्या मरत. आइकमानला आनंद झाला असल्यास नवल नाहीं. त्याला हवा होता तोच रोग समोर उभा होता. परंतु मौज अशी कीं, ज्यांना कांहींच टोंचलें नव्हतें त्या कोंबड्याही तशाच आजारी पडल्या. सांसर्गिक रोग असेल म्हणून त्यानें नव्या कोंबड्या दूर निराळ्या जागीं ठेविल्या. इतक्यांत नोव्हेंबरच्या अखेरीस सगळ्या कोंबड्या आपोआप बऱ्या होऊं लागल्या, आणि नवा एकही पक्षी आजारी पडेना. प्रयोग करावयाचा तर रोगच नाहींसा झालेला!

दुसरा कोणी असता तर त्यानें हा प्रकार नशिबावर सोडून दिला असता. आइकमाननें प्रयोगशाळेच्या नोकराला खोदून खोदून विचारलें. तेव्हां कळलें तें असें. कोंबड्यांना रोज साधा, न सडलेला तांदूळ घालण्याचा प्रघात होता. जूनमध्यें त्या नोकरानें काटकसर म्हणून इस्पितळाच्या स्वयंपाकघरांतून रोग्यांचा उरलेला पांढरा भात आणून घालण्यास आरंभ केला. नोव्हेंबरांत आचारी बदलला. आणि नव्या आचाऱ्यानें लष्करी तांदूळ मुलकी कोंबड्यांना देण्याचें साफ नाकारलें. पुन्हां जुना तांदूळ सुरू झाला आणि पक्षी उठून बसले. एका आचाऱ्याच्या दफ्तरी कडवेपणानें जगाला केवढें रहस्य उघडून दाखविलें! आइकमाननें आपल्या नोबेल व्याख्यानांत ही हकीकत स्वतः नमूद करून ठेविली आहे.

त्यानंतरचीं वर्षें त्यानें ह्याच प्रश्नावर घालविलीं. पांढरा तांदूळ शिजवून घातला काय, कच्चा घातला काय, कोंबड्या पंगु होतच. तांदुळावरील जो रुपेरी पापुद्रा आणि कोंडा गिरणींत काढून टाकला जातो, तो पुन्हां दाण्यांत मिसळला कीं मरणाच्या दारीं पोंचलेला पक्षी कित्येकदां थोड्याच वेळांत उभा राही. रोगाचें औषध तांदुळाच्या टाकून दिलेल्या सालींत होतें. मात्र अर्थ लावतांना आइकमान चुकला. पांढऱ्या तांदुळांत कांहीं विष असावें आणि कोंडा त्यावर उतारा असावा, असें त्यास वाटलें. त्या काळच्या शास्त्रज्ञाला शत्रूच्या हल्ल्यावांचून रोगाची कल्पनाच करवत नसे.

हें ज्ञान कोंबड्यांपुरतेंच होतें कीं माणसांनाही लागू होतें? ह्याचें उत्तर फोर्डरमान नांवाच्या आरोग्यखात्यांतील अधिकाऱ्यानें दिलें. जावा बेटांतील तुरुंगांत निरनिराळ्या प्रकारचा तांदूळ शिजत असे. १८९५ नंतर त्यानें तुरुंगातुरुंगांतून माहिती गोळा केली. ज्या ५१ तुरुंगांत पांढरा सडीक तांदूळ होता त्यांपैकीं ३६ तुरुंगांत बेरीबेरी होती. ज्या ३७ तुरुंगांत कोंडा न काढलेला तांदूळ होता त्यांपैकीं फक्त एकांत. आइकमान १८९६ सालीं प्रकृति बिघडल्यामुळें हॉलंडला परतला. त्याच्या जागीं आलेल्या ग्राइन्सनें १९०१ सालीं खरें कारण सांगितलें: पांढऱ्या तांदुळांत विष नाहीं, शरीराला अत्यावश्यक असें कांहीं तरी त्यांत नाहीं. त्यानें मूग घालूनही कोंबड्यांना ह्या रोगापासून दूर ठेवून दाखविलें. १९१२ सालीं फुंक यानें अशा द्रव्यांस नांव दिलें, १९२६ सालीं बटाव्हियांतच यान्सेन आणि डोनाथ यांनीं कोंड्यांतून त्याचे स्फटिक वेगळे काढिले, आणि १९२९ सालीं वृद्ध आइकमानला हॉपकिन्सबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. आज त्या द्रव्यास ब१ जीवनसत्त्व म्हणतात.

आम्हां मराठी माणसांना ह्या प्रकरणांत जवळचें वाटावें असें पुष्कळ आहे. कोंकणांत व गोव्यांत उकड्या तांदुळाची पेज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. भात सालीसकट भिजवून उकडला म्हणजे कोंड्यांतील हें सत्त्व दाण्याच्या आंत मुरतें, आणि मग तो सडला तरी सगळें सत्त्व वाहून जात नाहीं. हें कारण पेज पिणाऱ्यांना कोणी सांगितलें नव्हतें, पण रक्षण व्हावयाचें तें होत होतें. हातसडीचा तांदूळ खाणारा कुणबी आणि त्याच्या अंगणांत कोंडा टिपणारी कोंबडी, दोघांनाही जें मिळत होतें, तें गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ मोठेपणानें खाणाऱ्या शहरवासीयाच्या ताटांतून नाहींसें झालें. प्रतिष्ठेपायीं मनुष्य काय काय टाकून देतो, याचा हा एक धडाच आहे.

कोंबड्यांनीं शिकविलेले ह्याच जातीचे आणखी दोन धडे थोडक्यांत सांगतों. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत थंडीच्या दिवसांत पिलें घरांत बंद ठेवून वाढविण्याची पद्धति निघाली, तेव्हां तीं पायांनीं दुबळीं होऊं लागलीं. त्यांचीं हाडें वाकत. विस्कॉन्सिन येथील हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक यांनीं १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत दाखवून दिलें कीं, पिलांना थेट उन्हांत सोडलें, किंवा कॉड माशाच्या यकृताचें तेल दिलें, तर हा दोष राहत नाहीं. पुढें कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यानें चरबी काढून टाकलेल्या खाद्यावर पिलें वाढविलीं, तेव्हां त्यांना जागोजाग रक्तस्राव होऊं लागला व रक्त गोठेना. हिरवा पाला दिला कीं तीं बरीं होत. त्या पाल्यांतील द्रव्यास त्यानें १९३५ सालीं के जीवनसत्त्व असें नांव दिलें आणि १९४३ च्या नोबेल पारितोषिकांत त्याला वांटा मिळाला. आज नवजात बालकाला रक्तस्राव होऊं नये म्हणून जी सुई टोंचतात, तिचा उगम त्या पिलांत आहे.

ऊन, हिरवा पाला, कोंड्यासकट दाणा, कोरडी जमीन, स्वच्छ पाणी: परसांत मोकळी फिरणारी कोंबडी ह्या पांचही गोष्टी स्वतः शोधून घेते. म्हणून ह्या बाबतींत निसर्गवाद्यांचा पक्ष खरा आहे, आणि तो शास्त्रानेंच खरा ठरविला आहे. रक्ती हगवणीचें उदाहरण घ्या. तिच्या सूक्ष्म परजीवांचीं बीजें ओलसर जमिनींत पक्व होतात. कोरड्यांत तीं निकामीं होतात. शिवाय थोडीं बीजें पोटांत गेल्यानें पिलाला प्रतिकारशक्ति येते. ह्याच तत्त्वावर १९५२ सालीं अमेरिकेंत ह्या रोगाची पहिली बाजारी लस निघाली. खुराड्यांतील अंथरूण वेळोवेळीं उन्हांत वाळविणारी गृहिणी त्या रोगाची निम्मी वाट आपणच बंद करीत असते.

परंतु ह्या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती कटु आहे. १९२६ सालीं जावा बेटांतच क्रानेफेल्ड यानें, व त्याच वर्षीं इंग्लंडांत न्यूकॅसल गांवच्या कोंबड्यांत डॉईल यानें, एक नवा भयंकर रोग पाहिला. पुढच्याच सुमारास तो कुमाऊंतील राणीखेत येथें एडवर्ड्सला आढळला, आणि आपल्या देशांत त्याचें नांव राणीखेतच पडलें. आपल्याकडे खेडुत त्याला मानमोडी म्हणतात, तें नांव अधिक बोलकें आहे. पक्षी तोंड वासून श्वास घेतो, हिरवट पातळ हगतो, पंख व पाय लुळे पडतात, मान पिळवटून मागें वळते, आणि चार-सहा दिवसांत शंभरांतील नव्वद कोंबड्याही जाऊं शकतात. ज्या परसांत काल संध्याकाळीं दहा-बारा कोंबड्या दाणे टिपीत होत्या, तेथें आज एकही उभी नाहीं. आणि तिच्या अंड्यांवर ज्या बाईचा मुलाच्या वह्यापुस्तकांचा खर्च चाले, तिचा तो आधार गेला.

येथें लसूण चालत नाहीं, हळद चालत नाहीं, आणि कोंडाही चालत नाहीं. चांगलें खाद्य आणि ऊन मिळालेली कोंबडी देखील ह्या विषाणूपुढें टिकत नाहीं. लसणाच्या रसानें कांचेच्या नळींतील जंतु मरतात हें खरें. पण नळींतला जंतु आणि रक्तांत भिनलेला विषाणु यांत फार अंतर आहे. ह्या रोगावर आजही औषध नाहीं, नैसर्गिकही नाहीं आणि कारखान्याचेंही नाहीं. उपाय आहे तो एकच, आधीं लस देण्याचा. ह्या कार्यांत आपल्या देशाचा वांटा अभिमानास्पद आहे. ज्या सालीं आइकमानच्या कोंबड्या लटपटूं लागल्या त्याच १८८९ च्या डिसेंबरांत पुण्यास इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. ती पुढें १८९३ सालीं हिमालयांत मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. तेथेंच १९४० नंतरच्या दशकांत राणीखेतच्या विषाणूपासून लस तयार झाली, आणि मुक्तेश्वर हें नांव जगाच्या पशुवैद्यकांत रूढ झालें. पुढें ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं उष्णता सहन करणाऱ्या लशी काढल्या. कारण बर्फाची पेटी जेथें पोंचत नाहीं तेथेंच गरिबाची कोंबडी असते. डोळ्यांत एक थेंब टाकला कीं काम होतें; आफ्रिकेच्या खेड्यांतून गांवच्या बायाच हें काम करतात.

उपायांची मर्यादा ओळखली नाहीं म्हणजे काय होतें, तें महाराष्ट्रानें २००६ च्या फेब्रुवारींत पाहिलें. नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची साथ उघडकीस आली. हिंदुस्थानांतील ही पहिलीच नोंद. लाखों कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तशा साथींत घरगुती काढा करीत बसणें म्हणजे शेजाऱ्याच्या खुराड्यालाच नव्हे, आपल्या मुलांबाळांनाही धोक्यांत घालणें आहे. एकाएकीं पुष्कळ पक्षी मरूं लागले तर त्यांना हात न लावतां पशुवैद्यकीय दवाखान्यांत कळविणें, हाच तेथें सुज्ञपणा.

दुसऱ्या पक्षालाही इतिहासानें तसाच चिमटा काढला आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत असें आढळलें कीं, जंतुनाशक प्रतिजैविकें थोडथोडीं रोज खाद्यांत मिसळलीं तर कोंबड्या लवकर वाढतात. मग काय! दाटीवाटीनें, उन्हावांचून, घाणींत कोंबड्या कोंडावयाच्या आणि औषधाच्या जोरावर त्या जगवावयाच्या, असा व्यापार जगभर पसरला. परिणामीं जंतु त्या औषधांना सरावले, आणि तींच औषधें माणसांच्या रोगांत निष्प्रभ होऊं लागलीं. युरोपीय संघानें २००६ पासून वाढीसाठीं प्रतिजैविकें देण्यास बंदी केली; आपल्या सरकारनेंही २०१९ सालीं कोलिस्टिन हें शेवटच्या पंक्तीचें औषध अन्नासाठीं पाळलेल्या प्राण्यांस देण्यास मनाई केली. स्वच्छता आणि मोकळीक यांची जागा औषधानें भरून काढण्याचा हा प्रयत्न होता. कोलुमेलाच्या राखेच्या ढिगाला हसणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

मग परसांत चार कोंबड्या पाळणाऱ्यानें काय समजावें? आमच्या मतें औषध नैसर्गिक कीं कृत्रिम हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, हा रोग आला कोठून, हा आहे. जो रोग निसर्गाची वाट सोडल्यामुळें आला, उन्हावांचून, पाल्यावांचून, सत्त्वहीन दाण्यानें किंवा ओल्या घाणेरड्या खुराड्यामुळें आला, तो ती वाट पुन्हां धरल्यानें जातो. त्याला दुसरें औषध नकोच. जो बाहेरून जंतूच्या किंवा विषाणूच्या रूपानें चालून आला, त्याला अंगणांतील पाला थोपवूं शकत नाहीं. तेथें वेळीं दिलेली लस, आजारी पक्षी वेगळा करणें आणि नव्या पक्ष्याला कांहीं दिवस दूर ठेवून मगच कळपांत घेणें, हेंच संरक्षण. लसूण आणि हळद दाण्यांत घातल्यानें सहसा अपाय होत नाहीं. अपाय होतो तो, त्यांच्या भरंवशावर लस टाळली म्हणजे.

बटाव्हियाच्या त्या नोकराला काटकसर करावयाची होती, आचाऱ्याला नियम पाळावयाचा होता, आणि आइकमानला एक जंतु शोधावयाचा होता. खरें काय तें कोंबड्यांना ठाऊक होतें, आणि त्या तें आपल्या पायांनीं सांगत होत्या. आइकमानचा मोठेपणा एवढाच कीं, स्वतःचें मत बाजूला ठेवून त्यानें त्यांना काय घातलें जातें याची चौकशी केली. आपल्या परसांत एखादी कोंबडी सकाळीं पिसें फुगवून कोपऱ्यांत उभी दिसली, तर काढ्याची पाककृति किंवा गोळीचें नांव शोधण्यापूर्वीं आपणही तिचें भांडें, तिचा दाणा आणि तिचें खुराडें एकदां पाहावें, आणि शेजारच्या परसांतील कोंबड्या कशा आहेत तें विचारून यावें. निम्मा रोग तेथेंच कळतो. उरलेल्या निम्म्यासाठीं वैद्याकडे जाण्यांत कमीपणा नाहीं.